नाळेचं रक्त, दवाखान्यातलं टेबल आणि तुमची पाच मिनिटं

प्रति,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील स्त्रीरोग व प्रसूतितज्ज्ञ डॉक्टर मंडळी,

सप्रेम नमस्कार.

मागणी आधीच सांगून टाकते, कारण ओपीडीच्या गर्दीत लांबलचक पत्र वाचायला तुम्हाला फुरसत नसते हे मला ठाऊक आहे. तुमच्यापैकी अनेकांच्या दवाखान्यात, बाहेरच्या बाकड्यांसमोर, नाळेतलं रक्त साठवणाऱ्या खासगी बँकेचं टेबल लागतं. ते टेबल उचला. तेवढं जमत नसेल, तर त्यांच्या फॉर्मवर गरोदर बाईची सही होण्याआधी तुम्ही स्वतः तिच्याशी पाच मिनिटं बोला. आणि त्या नोंदणीपोटी तुमच्याकडे काही येत असेल, तर तेही तिला सांगा. रुग्ण पाठवण्याबद्दल कमिशन घेऊ नये हे २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत लिहिलेलं आहे, ते मी तुम्हाला शिकवायला नको.

मी शहाद्याला ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवत होते, आता निवृत्त आहे. तुमच्यातले काही जण माझ्याच वर्गातून बारावी होऊन पुढे मेडिकलला गेले. पत्रात मी सगळ्यांना 'तुम्ही' म्हणते आहे. ज्यांना माझ्याकडून 'अरे गाढवा' ऐकायची सवय आहे, त्यांनी समजून घ्यावं.

माझी भाची अमळनेर तालुक्यात दिलेली आहे. घरी कापूस, थोडी मका. सातव्या महिन्यात ती तपासणीला गेली, तेव्हा नंबर येईपर्यंत शेजारी टाय लावलेला एक मुलगा येऊन बसला. हातात टॅब, काखेत गुळगुळीत कागदाची फाइल. ती फाइल तिने नंतर मला आणून दाखवली. वर निळ्या डोळ्यांचं गोरंपान बाळ (आपल्याकडे असं बाळ जन्मलं तर घरात वेगळीच चौकशी सुरू होईल). आत ऐंशीहून जास्त आजारांची यादी. मधल्या पानांवर मधुमेह, पार्किन्सन, अंधत्व, गुडघे, ऑटिझम, सगळं एकाच रंगीत झाडाच्या फांद्यांवर लटकवलेलं. शेवटच्या पानावर हप्त्यांचा तक्ता. एकरकमी सत्तर हजारांच्या आसपास, नाहीतर दरमहा. 'ही वेळ आयुष्यात एकदाच येते, नंतर पैसे असले तरी उपयोग नाही,' हे वाक्य जावईबापूंना बरोब्बर लागलं. सही झाली. मी तिच्या सासूबाईंना विचारलं, तुम्ही काहीच बोलला नाहीत का? त्या म्हणाल्या, "दवाखानामाच बठेल व्हता ना तो, मंग खोटं कसं व्हई?"

त्यांचं काही चुकलं नाही. हाच मुलगा बस स्टँडवर भेटला असता, तर याच बाईंनी त्याला तिथूनच वाटेला लावलं असतं. त्याला पत मिळाली ती तुमच्या पाटीमुळे. मी माझ्या परीने सगळं समजावून सांगितलं, पण नोंदणी काही रद्द झाली नाही. शिक्षिकेच्या शब्दापेक्षा डॉक्टरांच्या भिंतीचं वजन जास्त असतं, म्हणून हे पत्र तुम्हाला.

आता त्या यादीकडे येते. यादी खोटी नाही, तिची खरी गोम तीच आहे. रक्ताचा कर्करोग, थॅलेसेमिया, सिकलसेल, अप्लास्टिक अॅनिमिया या आजारांवर रक्त तयार करणाऱ्या मूलपेशींचं प्रत्यारोपण होतं आणि त्याने माणसं बरी होतात. डॉनल थॉमस यांनी अमेरिकेत १९५७ मध्ये बोन मॅरोचे (हाडांतल्या मगजाचे) पहिले प्रयोग प्रसिद्ध केले, १९९० मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आपल्याकडे मुंबईच्या टाटा रुग्णालयात १९८३ मध्येच पहिलं बोन मॅरो प्रत्यारोपण झालं. नाळेच्या रक्तातही याच मूलपेशी असतात. १९८८ मध्ये पॅरिसला एलियान ग्लुकमन यांनी फॅन्कोनी अॅनिमिया असलेल्या पाच वर्षांच्या मुलाला नाळेतलं रक्त दिलं आणि तो बरा झाला. फाइलमध्ये पॅरिसची ही गोष्ट मोठ्या अक्षरांत आहे. फक्त एक तपशील गाळला आहे. ते रक्त त्याच्या नवजात बहिणीच्या नाळेतलं होतं, त्याच्या स्वतःच्या नव्हे.

सगळी मेख इथे आहे. थॅलेसेमिया किंवा सिकलसेल असलेल्या बाळाच्या नाळेतल्या पेशींमध्येही तोच सदोष जनुक असतो. ज्या बियाण्यातच रोग आहे, तेच डब्यात जपून ठेवून पुढच्या हंगामात पेरण्यातला हा प्रकार. लहानपणीच्या रक्ताच्या कर्करोगातही बऱ्याच मुलांमध्ये पहिला बिघाड जन्माच्या वेळीच पेशीत बसलेला असतो. शिवाय तिथे दुसऱ्याच्या पेशी मुद्दाम हव्या असतात, कारण नव्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी उरलासुरला कर्करोग शोधून मारतात. स्वतःच्या पेशी ते काम करत नाहीत. म्हणजे यादीतल्या बहुतेक आजारांत त्या बाळाला, गरज पडलीच, तर दुसऱ्या कुणाच्या तरी पेशी लागणार. आपल्या पेशी स्वतःलाच लागण्याची शक्यता पहिल्या वीस वर्षांत ०.०४ ते ०.०००५ टक्के इतकी मानली जाते. अडीच हजारांत एक, ते दोन लाखांत एक. आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) म्हणूनच स्पष्ट सांगून ठेवलं आहे की भविष्यात स्वतःसाठी म्हणून नाळेचं रक्त साठवायला शास्त्रीय आधार नाही. २०१८ मध्ये बालरोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेनेही सर्वसंमतीचं निवेदन काढून हेच म्हटलं. बँकेला परवाना असतो, हे खरं. पण परवाना शीतपेटीला आणि प्रक्रियेला मिळतो, फाइलमधल्या स्वप्नांना नाही.

'स्वतःला नाही तर भावंडाला, आईबापांना तरी उपयोगी पडेल,' असा पुढचा मुद्दा येतो. भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. आईबापांचं म्हणाल, तर एका नाळेत निघणारं रक्त प्रौढ माणसाच्या वजनाला बहुधा पुरतच नाही. आणि अर्ध्या जुळणाऱ्या दात्याच्या पेशी वापरण्याचं तंत्र गेल्या काही वर्षांत इतकं सुधारलं आहे की आई किंवा बाप स्वतःच मुलाचे दाते होऊ शकतात. ते घरात हयात असताना उणे १९६ अंशांना वेगळा दाता गोठवून ठेवायची निकड उरत नाही. या टाक्यांचंही काही सांगता येत नाही. सिंगापूरमध्ये २०२३ साली एका खासगी बँकेच्या टाकीतलं तापमान वर गेल्याचं उघड झालं आणि सुमारे २,२०० बाळांचं साठवलेलं रक्त निकामी झालं. पालक मात्र वर्षानुवर्षं निर्धास्त होते.

मधल्या पानांवरचं ते रंगीत झाड मला जास्त खुपतं. इथे मला पुन्हा वर्गात उभं राहिल्यासारखं वाटतं, तेव्हा थोडं शिकवू द्या. तुमच्यासाठी ही उजळणी आहे, पण हे पत्र तुमच्या रुग्णांच्या हातीही पडेल.

नाळेच्या रक्तातली मूलपेशी रक्त बनवते. बोन मॅरोत बसलेली तिची बहीण रोज सुमारे वीस हजार कोटी तांबड्या पेशी तयार करते, आयुष्यभर, न थकता. पण तिच्याकडून मेंदूची पेशी किंवा डोळ्याचा पडदा मागाल, तर ते तिचं काम नव्हे. नाळेच्या गरातून, चरबीतून आणि बोन मॅरोतून आणखी एक जात मिळते, मेसेन्कायमल पेशींची. त्या हाड, कूर्चा, चरबी बनवू शकतात, पण शरीरात सोडल्यावर त्यांचा गुण बराचसा त्या जे रस स्रवतात त्यातून येतो, सूज शमते, रक्तवाहिन्यांना चालना मिळते. बिडी-सिगारेटने पायाच्या रक्तवाहिन्या बंद पडून पाय कापायची वेळ येते, त्या बर्जरच्या आजारासाठी बेंगळुरूच्या एका कंपनीच्या अशा पेशींना केंद्रीय औषध नियंत्रकांनी मान्यता दिलेली आहे. आपल्या भागात बिडी ओढणारे किती, हे तुम्ही जाणताच. पण त्या पेशी निरोगी प्रौढ दात्यांच्या बोन मॅरोतून काढून वाढवलेल्या असतात. कुणाच्या बाळाची नाळ तिथे लागत नाही.

तिसरी जात गर्भमूलपेशींची. पाच दिवसांच्या भ्रूणातून जेम्स थॉमसन यांनी १९९८ मध्ये अमेरिकेत त्या वेगळ्या केल्या. शरीरातली कोणतीही पेशी घडवायची ताकद त्यांच्यात आहे. फाइलमध्ये मधुमेह बरा होतो असं छापलंय ना, त्यामागे खरोखर एक सुंदर काम आहे. गर्भमूलपेशींपासून इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी तयार करून टाइप एकच्या रुग्णांना दिल्या. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत पूर्ण मात्रा मिळालेल्या १२ जणांपैकी १० जणांना वर्षाअखेर इन्सुलिनचं इंजेक्शन लागत नव्हतं. मी तो अहवाल वाचला तेव्हा खरंच उठून घरात दोन फेऱ्या मारल्या. पण त्या रुग्णांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू ठेवावी लागतात, आणि त्या पेशींचा नाळेच्या रक्ताशी काडीचा संबंध नाही.

चौथी जात तर या धंद्याच्या मुळावरच येते. शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या साध्या त्वचेच्या पेशीत चार जनुकं घालून तिला मागे, जवळजवळ भ्रूणावस्थेत नेलं. २०१२ मध्ये जॉन गर्डन यांच्यासोबत त्यांना नोबेल मिळालं. २०१४ मध्ये कोबे इथे अशा पेशींपासून बनवलेला पडद्याचा तुकडा एका वृद्धेच्या डोळ्यात बसवला, तो तिच्याच त्वचेपासून घडवलेला होता. म्हणजे आज जन्मलेल्या बाळाला चाळिशीत स्वतःच्या मूलपेशींची गरज पडलीच, तर त्या दिवशी दंडातून काढलेलं थोडं रक्तही त्यासाठी पुरावं, या दिशेने शास्त्र चाललंय. मग चाळीस वर्षं टाकीचं भाडं कशासाठी?

आणि अंधत्वाचं म्हणाल, तर हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत गेली दोन दशकं हे काम चालू आहे. तंबाखूच्या चुन्याची पुडी किंवा ट्यूब दाबताना ती पोराच्या डोळ्यात फुटते, बुबुळाच्या कडेच्या मूलपेशी जळतात आणि बुबुळ पांढरं पडतं. हा अपघात खानदेशातल्या प्रत्येक नेत्रतज्ज्ञाने पाहिलेला असेल. तिथे दुसऱ्या, चांगल्या डोळ्याच्या कडेचा बारीकसा तुकडा घेऊन जळक्या डोळ्यावर पेशी वाढवतात. मूलपेशींनी दृष्टी परत येते ती अशी, त्याच माणसाच्या डोळ्यातून.

गुडघे आणि ऑटिझम यांवर फार शाई घालवत नाही. पोटातली चरबी काढून त्याच बैठकीत सांध्यात किंवा पाठीत टोचणारी दुकानं मोठ्या शहरांतून आता आपल्याकडेही शिबिरं लावतात. अमेरिकेत फ्लोरिडातल्या एका क्लिनिकमध्ये असं इंजेक्शन डोळ्यात दिल्याने तीन बायकांची दृष्टी गेली, हे २०१७ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात छापून आलंय. ऑटिझमसाठी मूलपेशी देणं हे व्यावसायिक गैरवर्तन ठरेल, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमंडळाने २०२२ मध्ये सांगितलं. रुग्णाने विचारलं तर एवढंच सांगा, की संशोधन चाचणी असेल तर तिची नोंद सरकारी चाचणी नोंदवहीत सापडते आणि तिथे रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. पैसे मागितले की ती चाचणी नव्हे.

आता तुमच्या प्रसूतीच्या टेबलावरच्या एका गोष्टीबद्दल, जी तुमच्याशिवाय कुणाच्या हातात नाही. बाळ बाहेर आल्यावर नाळेला चिमटा किमान एक मिनिट लावू नका, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. एक ते तीन मिनिटांत वारेतून बाळाकडे ८० ते १०० मिली रक्त जातं. अडीच किलोच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून रक्त दोनशे-सव्वादोनशे मिली. म्हणजे ही भर किती मोठी आहे पहा. पुढचे कित्येक महिने त्या लोहावर बाळ निभावतं. नंदुरबार, धडगाव, अक्कलकुवा, शिरपूर, चोपडा, यावल या पट्ट्यात निम्म्या गरोदर बायका हातापायाला सूज आणि पांढऱ्याफटक पापण्या घेऊन तुमच्यासमोर येतात. तिथे त्या बाळाचं स्वतःचं रक्त त्याला आत्ता, फुकट मिळतंय. ते पिशवीत भरायचं आणि त्याच्या बापाला सत्तर हजारांना विकायचं? बँकवाले म्हणतात, उशिरा चिमटा लावूनही गोळा करता येतं. येतं, पण कमी येतं, आणि पिशवी भरली नाही की नर्सवर दबाव येतो. प्रसूतिगृहात काय होतं हे मला सांगायची गरज नाही.

माझ्या वर्गात धडगावकडची एक मुलगी होती, वसतिगृहात राहणारी. हिवाळ्यात सकाळच्या तासाला ती बाहेर उन्हात भिंतीला टेकून बसायची. हाडं दुखतात म्हणायची. आम्ही शिक्षक तिला आळशी समजायचो. पुढे तपासणीत सिकलसेल निघाला, दोन्ही जनुकं सदोष. थंडीने तिच्या वेदनांचे झटके यायचे. सातपुड्यातल्या भिल्ल, पावरा घरांत हा आजार किती खोल गेलाय हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलंय. केंद्राने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाचं अभियान सुरू केलं, सात कोटी लोकांच्या तपासणीचं आणि २०४७ चं उद्दिष्ट ठेवलं. पण पहिल्याच भेटीत नवरा-बायको दोघांचीही तपासणी लिहून देणारे खासगी दवाखाने मला फार थोडे आढळले. एचपीएलसीचा, म्हणजे हिमोग्लोबिनचा प्रकार ओळखणाऱ्या रक्ततपासणीचा, तो कागद टेबलावरच्या फाइलपेक्षा कितीतरी स्वस्त आहे, आणि तो वेळेत आला तर पुढचं सगळं ठरवायला आईबापांच्या हाती वेळ राहतो.

मूलपेशींची खरी जादू याच आजारात दिसते. जुळणाऱ्या भावंडाचा बोन मॅरो मिळाला तर सिकलसेल मुळातून बरा होऊ शकतो. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेने जनुक-संपादनाच्या पहिल्या उपचाराला मान्यता दिली. त्यात बारा वर्षांवरच्या रुग्णाच्या रक्तमूलपेशी काढून, बाळपणी बंद झालेलं हिमोग्लोबिन पुन्हा चालू करून, त्याच त्याला परत देतात. अमेरिकेत किंमत २२ लाख डॉलर, म्हणून आपल्या पाड्यांपर्यंत ते सहजी येणार नाही. पण दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी जनुकशास्त्र संस्थेने बिरसा मुंडांच्या नावाने याच आजारासाठी देशी उपचाराचं काम हाती घेतलंय, त्याकडे माझे डोळे लागले आहेत. आणि लक्षात घ्या, यातल्या कोणत्याही उपचाराला जन्माच्या वेळी साठवलेलं रक्त लागत नाही. पेशी रुग्णाच्या किंवा जुळणाऱ्या भावंडाच्या अंगातून त्या वेळी काढतात.

नाळेचं रक्त कधीच गोळा करू नये, असं माझं म्हणणं नाही. घरात एखादं मूल थॅलेसेमियाने किंवा सिकलसेलने आधीच आजारी आहे आणि त्याच आईला पुन्हा दिवस गेलेत, अशी बाई तुमच्याकडे आली तर चित्र उलटं होतं. आयसीएमआरलाही ते मान्य आहे. तिला बाहेरच्या बाकड्यावर फाइल वाचत बसवू नका. पाचवा महिना उजाडण्याआधी मुंबई किंवा पुण्याच्या रक्तविकारतज्ज्ञाशी बोला, आजारी मुलाची एचएलए तपासणी (पेशी कुणाशी जुळतात ते पाहणारी) करून ठेवा, होणारं बाळ जुळतं का ते जन्मताच पाहायची सोय करा, आणि प्रसूतीच्या दिवशी पिशवी तयार ठेवा. पिशवी अपुरी भरली तरी बिघडत नाही, धाकटं जरा मोठं झालं की त्याचा बोन मॅरोही घेता येतो. थॅलेसेमियाच्या मुलाला भावंड जुळलं, तर कोल इंडियाच्या बाल सेवा योजनेतून प्रत्यारोपणासाठी दहा लाखांपर्यंत मदत मिळते. तिचा अर्ज कसा करायचा हे तुमच्या रिसेप्शनवरच्या मुलीला शिकवून ठेवा. टेबल उचलल्यावर तिथे जागा होईलच, तिलाच तिथे बसवा.

आपली,
जीवशास्त्राची निवृत्त शिक्षिका, शहादा